सामुदायिक निवासांत ऊन पाण्याची व्यवस्था कशी निवडावी

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासा तालुक्यात मार्गशीर्ष-पौषाच्या पहाटे तापमान पुष्कळदा १० अंश सेल्सियसच्या आसपास उतरते. प्रवरेच्या काठची गावे आणि कालव्याखालील बागाईत भाग यांत गारठा अधिकच जाणवतो. युरोपातील थंड देशांत अशा हवेत घराच्या खोल्या तापवाव्या लागतात. या तालुक्यात तशी आवश्यकता नसते. येथे उष्णता लागते ती मुख्यतः दोन कामांसाठी : एक स्वयंपाक आणि दुसरे आंघोळीचे पाणी. स्वयंपाकाच्या इंधनाचा विचार बहुतेक सर्वत्र होतो. आंघोळीच्या पाण्याचा विचार मात्र थंडी अंगावर आल्यानंतर घाईने होतो, आणि घाईत घेतलेले यंत्र पुढे वर्षानुवर्षे सर्वांना सोसावे लागते.

एका कुटुंबाच्या घरी ही अडचण लहान असते. जेथे अनेक माणसे एकत्र राहतात तेथे ती मोठी होते. नेवासा तालुक्यात अशी ठिकाणे पुष्कळ आहेत. श्रीज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवासा येथे ज्ञानेश्वरी सांगितली. त्यामुळे तेथे वारकऱ्यांची ये-जा सतत असते. देवगड व शनिशिंगणापूर येथेही यात्रेकरू उतरतात. भेंडे व सोनई येथील सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात कामगारांच्या वसाहती आहेत. गळिताच्या हंगामात ऊसतोड मजुरांची कुटुंबे कोप्या घालून राहतात. शिवाय शाळा-महाविद्यालयांची वसतिगृहे आहेतच. या सर्व ठिकाणी पहाटेच्या दोन तासांत एकदम पाणी लागते. सोय अपुरी असल्यास पहिल्या दहांना कढत, पुढील दहांना कोमट व उरलेल्यांना थंड पाणी मिळते. लहान मुले, वृद्ध व आजारी माणसे बहुधा रांगेच्या शेवटी असतात. म्हणून ही केवळ चैनीची बाब मानू नये. ती आरोग्याची व सर्वांना सारखा न्याय देण्याची बाब आहे.

प्रथम गरज मोजावी

यंत्र कोणते घ्यावे हा प्रश्न शेवटी विचारावयाचा असतो. पाणी किती, किती ऊन, आणि कोणत्या वेळी लागते, हे प्रश्न आधी सोडवावेत. याकरिता थंडीच्या दिवसांत एक पंधरवडा नोंदवही ठेवावी. तीत रोज आंघोळ करणाऱ्यांची संख्या, वापरलेल्या बादल्या, पहिली व शेवटची आंघोळ झाल्याची वेळ, तसेच जळण किंवा वीज किती लागली, एवढ्या नोंदी पुरेत.

उदाहरणासाठी ६० विद्यार्थ्यांचे एक वसतिगृह घेऊ. प्रत्येकास २० लिटरची एक बादली ऊन पाणी द्यावयाचे आहे असे समजू. आंघोळीस ४० अंशांचे पाणी पुरते. थंडीत टाकीतील पाणी २० अंशांचे धरले, तर ते २० अंशांनी तापवावे लागेल. एक लिटर पाणी एका अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. त्यावरून हिशेब येणेप्रमाणे :

पाणी : ६० × २० = १,२०० लिटर.
उष्णता : १,२०० × २० = २४,००० किलोकॅलरी.
विजेच्या भाषेत (१ युनिट = ८६० किलोकॅलरी) : सुमारे २८ युनिट.

सर्व १,२०० लिटर पाणी तापवून साठविण्याचे कारण नाही. ६०० लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापविले आणि त्यात तितकेच थंड पाणी मिसळले, तरी ४० अंशांचे १,२०० लिटर पाणी मिळते. उष्णता तितकीच लागते, पण टाकी निम्मी पुरते.

हाच हिशेब काटकसरीचा मार्गही दाखवितो. फवाऱ्याखाली उभे राहून माणूस सहज ४० लिटर पाणी वापरतो. बादलीने २० लिटरांत काम भागते. सर्वांनी बादली वापरण्याचे ठरविले, तर यंत्र निम्म्या आकाराचे पुरते. ही बचत पैसा न खर्चता होते. म्हणून ती सर्वांत आधी करावी.

लाकूड, पऱ्हाट्या व बंब

तीन दगडांवर हंडा ठेवून पाणी तापविण्याची पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत सुमारे ३,५०० किलोकॅलरी उष्णता असते. उघड्या चुलीवर त्यातील साधारण १५ टक्केच पाण्यास लागते, आणि बाकीची धूर, वारा व भिंती यांत जाते. या मानाने वरील वसतिगृहास रोज सुमारे ४६ किलो लाकूड लागेल. थंडीच्या १२० दिवसांत ते साडेपाच टन होईल. इतकी झाडे दरवर्षी तोडणे कोणत्याही गावास परवडणारे नाही.

बंबात जाळ मधल्या नळकांड्यातून वर जातो व पाणी त्याच्या चोहोबाजूंस असते. म्हणून त्यात उष्णता कमी वाया जाते. चांगल्या बंबाची कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर लाकूड १७ किलोवर येते, म्हणजे हंगामाला सुमारे २ टन. केवळ चुलीऐवजी बंब वापरल्याने जळण निम्म्याहून कमी होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ओले लाकूड मात्र जाळू नये. त्यातील पाणी वाफ करण्यातच पुष्कळ उष्णता खर्च होते व धूरही वाढतो.

शेतातील टाकाऊ जळणाचा येथे उपयोग करता येतो. या तालुक्यात कपाशीच्या पऱ्हाट्या व तुराट्या भरपूर निघतात. पऱ्हाट्या बांधावर तशाच रचून ठेवल्यास त्यांत गुलाबी बोंडअळीचा आसरा राहतो. म्हणून त्या तोडून, वाळवून हंगामातच संपविणे पिकाच्या दृष्टीनेही हिताचे आहे. त्या पुढील पावसाळ्यापर्यंत साठवू नयेत. उसाचे पाचट मात्र बंबात घालू नये. ते भसकन जळून जाते, आणि शेतात कुजविले तर जमिनीस सेंद्रिय द्रव्य देते. गोवऱ्यांच्या बाबतीतही तोच न्याय लागू आहे. शेण जाळले की त्यातील नत्र हवेत जाते.

ऊसतोड मजुरांच्या तळासारख्या फिरत्या वस्तीसाठी बंब हेच सोयीचे साधन आहे. तो गाडीवर नेता येतो व जळण जवळपास मिळते.

गोबर गॅस

मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून निघणारा वायू दिव्यांसाठी वापरला गेला. पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने तरत्या टाकीचा गोबर गॅस संच खेडोपाडी नेला. कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमाचे अप्पासाहेब पटवर्धन यांनी संडास व गॅस यांची सांगड घालण्याचा प्रचार केला. देहू येथे डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर यांनी तेच काम पुढे नेले. सामुदायिक निवासांशी या विद्येचा संबंध असा जुना आहे.

तरीही आकडे पाहूनच निर्णय घ्यावा. साधारण २५ किलो ताज्या शेणापासून एक घनमीटर वायू मिळतो. त्यात सुमारे ४,७०० किलोकॅलरी असतात, आणि शेगडीवर त्यातील ५५ टक्के उपयोगी पडतात. आमच्या उदाहरणातील वसतिगृहाच्या केवळ आंघोळीच्या पाण्यास रोज सव्वानऊ घनमीटर वायू, म्हणजे सुमारे २३० किलो शेण लागेल. गोठ्यात बांधलेल्या मोठ्या जनावराचे दिवसाचे शेण १० किलो धरल्यास २३ जनावरे हवीत. सहा जनावरांच्या गोठ्यातून गरजेचा चौथा भागच निघेल. साठ माणसांच्या संडासापासून रोज मिळणारा वायू दोन घनमीटरांच्या आतच राहतो. शिवाय नेमक्या थंडीतच वायूचे उत्पन्न घटते.

यावरून असे ठरते की, मोठी गोशाळा जोडलेली नसेल तर गोबर गॅसवर आंघोळीचे पाणी अवलंबून ठेवू नये. मिळेल तो वायू स्वयंपाकघरास द्यावा. तेथे तो धुराची चूल बंद करतो, हा त्याचा मोठा लाभ आहे. शेणात असलेले नत्रही मळीतून शेतास परत मिळते.

सूर्याची उष्णता

पावसाळा सोडल्यास नेवासा तालुक्यात आकाश बहुतेक निरभ्र असते. थंडीत तर ऊन स्वच्छ मिळते, आणि ऊन पाण्याची गरजही त्याच वेळी असते. एका चौरस मीटरवर दिवसाला सुमारे ५ युनिट उष्णता पडते. सौर बंब त्यातील जवळजवळ निम्मी पाण्यात उतरवितो. प्रत्येकी १०० लिटर पाण्यास सपाट पत्र्याचे २ चौरस मीटर क्षेत्र, असा ढोबळ नियम आहे. वरील वसतिगृहास ६०० लिटरची टाकी व १२ चौरस मीटर क्षेत्र पुरेल.

सौर बंब बसविताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

(१) तोंड दक्षिणेकडे असावे. नेवासा सुमारे साडेएकोणीस अक्षांशावर आहे. थंडीतील खालचा सूर्य धरण्यासाठी उतार ३० ते ३५ अंशांचा ठेवावा.

(२) सकाळी ९ पासून दुपारी ४ पर्यंत झाड, पाण्याची टाकी किंवा शेजारची इमारत यांची सावली पडता कामा नये. ही पाहणी डिसेंबरात करावी, कारण तेव्हा सावल्या सर्वांत लांब असतात.

(३) छत भार सोसेल की नाही हे अभियंत्याकडून पाहून घ्यावे. ६०० लिटर पाण्याचेच वजन ६०० किलो होते. पत्र्याच्या छपरावर असा संच चढवू नये.

(४) पाणी जड आहे काय, हे तपासावे. काळ्या जमिनीतील अनेक विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्याने भांड्यांत पांढरा थर बसतो व साबणास फेस येत नाही. असे पाणी तांब्याच्या बारीक नळ्यांत गेले की त्या हळूहळू बुजतात. तेथे काचनळ्यांचा संच, किंवा ज्यात तापणारे पाणी बंद फेऱ्यात वेगळे राहते असा संच घ्यावा.

सौर बंबाचे पाणी दुपारी तापते व दुसऱ्या पहाटे वापरले जाते. टाकीचे आवरण चांगले असल्यास रात्रभरात थोडीच उष्णता उतरते. परंतु संध्याकाळी भांडी किंवा कपडे धुण्यासाठी कोणी ते पाणी काढले, तर सकाळचा साठा तितका कमी होतो. म्हणून ऊन पाण्याच्या वापराची वेळ ठरवून द्यावी लागते.

ढगाळ दिवसांसाठी जोडसाधन अवश्य हवे. काही संचांच्या टाकीतच विजेची कांडी बसविलेली असते. ती संध्याकाळपासून चालू ठेवल्यास पाणी विजेवरच तापून राहते. दुसऱ्या दिवशी सूर्यास करण्यासारखे काम उरत नाही, आणि वीजबिल मात्र येते. कांडी पहाटे, व तीही पाणी खरोखर कोमट असल्यासच, चालू करावी. त्याहून सोपा उपाय म्हणजे जुना बंब मोडीत न काढता ढगाळ दिवसांसाठी राखून ठेवणे.

वीज, उष्णता-पंप व सिलिंडरचा गॅस

विजेच्या बंबास जळण साठवावे लागत नाही व धूर होत नाही. मात्र रोज २८ युनिट आणि टाकीतील उष्णता-हानी धरून सुमारे ३१ ते ३२ युनिट लागतात. हे सर्व काम पहाटेच्या दोन तासांत करावयाचे म्हटल्यास सुमारे १५ किलोवॉटचा भार येतो. जुन्या तारा व मीटर तो सोसत नाहीत. पहाटे वीज गेली तर सर्वांचीच गैरसोय होते.

उष्णता-पंप हे नवे साधन आहे. शीतकपाट आतील उष्णता बाहेर टाकते. हा पंप बाहेरच्या हवेतील उष्णता पाण्यात आणतो. एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते. त्यामुळे २८ ऐवजी ९ ते १० युनिटांत काम होते. किंमत अधिक असते आणि दुरुस्तीस जाणकार कारागीर लागतो. ज्या इमारतीच्या छतावर सूर्यास जागा नाही, तेथे याचा विचार करावा.

सिलिंडरच्या गॅसवर वरील वसतिगृहास रोज पावणेतीन किलो गॅस लागेल. म्हणजे १९ किलोचे व्यापारी सिलिंडर सुमारे आठवड्यात संपेल. गॅसचा बंब बंद न्हाणीघरात लावू नये. हवा अपुरी असल्यास त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्यास रंग नाही व वास नाही. तो कळण्यापूर्वीच माणूस बेशुद्ध होतो. यंत्र न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावे.

नळ्यांकडे दुर्लक्ष नको

उत्तम यंत्र घेऊनही पाणी कोमट येते अशी तक्रार असल्यास दोष बहुधा नळ्यांत असतो. एक इंच नळीच्या दर मीटर लांबीत सुमारे अर्धा लिटर पाणी राहते. टाकी न्हाणीघरापासून ४० मीटर दूर असेल, तर प्रथम २० लिटर, म्हणजे पूर्ण एक बादली थंड पाणी बाहेर येते व बहुधा गटारात जाते. म्हणून टाकी न्हाणीघरांच्या शक्य तितकी जवळ असावी, न्हाणीघरे एकाच बाजूस असावीत, आणि नळीवर उष्णतारोधक आवरण घालावे. प्रारंभीचे थंड पाणी बादलीत धरून मिसळण्यास वापरावे. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत त्वचा भाजते. लहान मुलांच्या वसतिगृहात थंड पाणी आधी व ऊन पाणी नंतर, हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा.

अन्यत्र काय झाले

याच जिल्ह्यात शिर्डी येथे श्रीसाईबाबा संस्थानाने २००९ साली प्रसादालयाच्या छतावर ७३ सौर तबकड्यांचा संच बसविला. तबकड्या सूर्याचे किरण एकवटून पाण्याची वाफ करतात, आणि त्या वाफेवर हजारो भाविकांचे अन्न शिजते. ही व्यवस्था इंधनावरील बाष्पकास जोडलेली आहे. ऊन नसताना स्वयंपाक थांबत नाही. सूर्य हे मुख्य साधन व इंधन हे राखीव साधन, ही योजनेतील मूळ कल्पना लहान वसतिगृहासही लागू पडते.

डेन्मार्कमध्ये निम्म्याहून अधिक घरांस सामाईक केंद्रातून नळाने उष्णता मिळते. काही केंद्रांत शेतकऱ्यांकडून घेतलेला गव्हाचा पेंढा जाळतात. एरो बेटावरील मार्स्टल गावाने १९९६ पासून सौर उष्णतेचे मोठे क्षेत्र उभारले. ते केंद्र वापरणाऱ्यांच्याच सहकारी मालकीचे आहे. तेथील हवा वेगळी, गरजही वेगळी. परंतु जवळचे इंधन वापरणे आणि व्यवस्था वापरणाऱ्यांनीच सांभाळणे, हे दोन धडे सहकाराची परंपरा असलेल्या या जिल्ह्यास परके नाहीत.

खर्चाचा खरा हिशेब

विक्रेता यंत्राची किंमत सांगतो. संस्थेने मात्र एका बादलीस काय पडते ते काढावे. यंत्राची किंमत त्याच्या आयुष्याच्या वर्षांनी भागावी. त्यात वर्षाचे इंधन किंवा वीज, दुरुस्ती व माणसाची मजुरी मिळवावी. आलेल्या रकमेस वर्षातील बादल्यांनी भागावे. वरील वसतिगृहात थंडीचे १२० दिवस धरल्यास ७,२०० बादल्या होतात, आणि ३०० दिवस वापर असल्यास १८,०००. सौर बंबाचा मुख्य खर्च पहिल्याच दिवशी होतो. म्हणून तो जितके अधिक दिवस वापरला जाईल तितकी बादली स्वस्त पडते. फक्त यात्रेच्या दिवसांत भरणाऱ्या धर्मशाळेस मोठा सौर संच महाग पडेल. तेथे लहान संच व मोठा बंब हीच जोडी किफायतशीर होय.

निवड सर्वांनी मिळून करावी

व्यवस्थापकाने एकट्याने यंत्र आणल्यास त्याची काळजी कोणी घेत नाही. नोंदवहीतील आकडे फळ्यावर मांडून रहिवाशांची सभा घ्यावी. जो पहाटे जाळ घालतो किंवा नळ सोडतो, त्याचे मत आधी ऐकावे. वसाहतीतील स्त्रियांचे मतही विचारावे, कारण धूर व रांग यांचा त्रास त्यांना अधिक होतो. सभेत चार गोष्टी लेखी ठरवाव्यात : रोज यंत्र कोण पाहील, दुरुस्तीचा निधी कोठून येईल, पाणी कोणत्या वेळी सुटेल, आणि यंत्र बिघडल्यास कारागीर किती दिवसांत येईल. ज्या यंत्रासाठी या चारही प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत, ते कितीही आधुनिक असले तरी घेऊ नये.

तांत्रिक सल्ल्यासाठी शेजारच्या तालुक्यातील राहुरीचे महात्मा फुले कृषि विद्यापीठ व राज्याचे महाऊर्जा अभिकरण यांच्याकडे विचारणा करावी.

सारांश

१. यंत्रापूर्वी नोंदवही ठेवावी. माणशी बादल्या, वेळ व जळण मोजावे.
२. फवाऱ्याऐवजी बादली वापरावी, नळ्या आखूड ठेवाव्यात व त्यांवर आवरण घालावे.
३. छतावर ऊन असल्यास सौर बंब मुख्य ठेवावा, आणि लाकूड-पऱ्हाट्यांचा बंब ढगाळ दिवसांसाठी राखावा.
४. गोबर गॅस स्वयंपाकास द्यावा.
५. छतास जागा नसल्यास उष्णता-पंप पाहावा. गॅसचा बंब न्हाणीघराबाहेरच बसवावा.
६. जड पाणी, छताचा भार व डिसेंबरातील सावली तपासल्याखेरीज पैसे देऊ नयेत.
७. रांगेतील शेवटच्या माणसास पहिल्याइतकेच ऊन पाणी मिळाले, तरच व्यवस्था यशस्वी झाली असे समजावे.